हिवाळी पहाट, निसरडा रस्ता आणि सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, थंडी पडली की साताऱ्यात सायकली बाहेर निघतात. कोणी यवतेश्वरचा घाट चढून कासला जातं, कोणी बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडे वळतं, कोणी मेढ्यावरून थेट महाबळेश्वर गाठायचं ठरवतं. घसरून पडण्याच्या बातम्याही याच दिवसांत कानावर येतात. नव्याने सायकल घेतलेले, शाळकरी मुलांचे पालक आणि परदेशी शिकायला निघालेली आपली मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

साताऱ्यात रस्त्यावर खरंच बर्फ होतो का?

नाही. सातारा, वाई, कोरेगाव, कराड इथे डांबरी रस्त्यावर बर्फाचा थर धरत नाही. महाबळेश्वरला मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काही पहाटे वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात. गवत, स्ट्रॉबेरीची पानं, गाड्यांचे टप, तलावाची जेटी पांढरी होते आणि दुपारपर्यंत ते फोटो जिल्हाभर फिरतात. ते पाहून घाटातही बर्फ असणार असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. पण त्या पहाटे रस्ता कोरडा असतो, असंही समजू नका.

ॲपवर सहा-सात अंश दिसतात, मग दव गोठतं कसं?

हवामान केंद्रातलं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर पेटीत, सावलीत मोजतात. गवताच्या पातीवर त्या वेळी काय चाललंय, हे त्या आकड्यात येत नाही. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर आकाशाकडे सोडत राहते. पातळ पातीत उष्णतेचा साठा तो किती? ती आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश खाली जाते. त्यात थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून ओघळून तलावाच्या खोलगट भागात साचते. म्हणून एकाच रात्री बाजारपेठेत नुसती हुडहुडी भरते आणि वेण्णा लेकच्या काठावर दव गोठतं.

ढगाळ रात्री किंवा वारा असताना हे होत नाही. थंडी जास्त वाटली म्हणून दव गोठलं असेल, हा अंदाज त्यामुळेच चुकतो.

मग डांबरावर तो थर का धरत नाही?

डांबर आणि त्याखालचा खडीचा थर दिवसभर तापतो, रात्री हळूहळू निवतो आणि खालच्या जमिनीकडूनही ऊब घेत राहतो. गवत शून्याला पोचलं तरी रस्ता काही अंश वरच असतो. पुलाचं मात्र तसं नाही. त्याच्या खालूनही थंड हवा वाहते, जमिनीची ऊब मिळत नाही. थंड प्रदेशांत आधी पूल गोठतो, मग रस्ता. आपल्याकडे पूल गोठत नसला तरी दवाने ओला होण्यात तोच पुढे असतो. लाकडी फळ्या, लोखंडी जाळ्या आणि पत्र्याच्या झाकणांवर तर गोठलेलं दवही सापडू शकतं. वेण्णा लेकच्या काठाशी फोटोसाठी सायकल नेताना खाली उतरा आणि ती हातात धरून चाला.

बर्फ नाही, तर आमची माणसं घसरतात कशावर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पातळ थर आला की पकड जाते. तो थर लडाखात बर्फाचा असतो, आपल्याकडे तो ओल्या मातीचा असतो.

ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर चढतो. त्याच्या मोठ्या टायरच्या खाचांत बसलेली काळी माती पुढच्या शे-दोनशे मीटरभर ढेकळांनी गळत जाते. दिवसा ती वाळून धूळ होते. रात्री दव पडतं आणि पहाटे त्याच धुळीचा रांधा, म्हणजे ओल्या मातीचा निसरडा लेप होतो, जाडीला कागदाइतका. उजेड कमी असताना तो डांबरासारखाच काळा दिसतो. पहाटे कोरेगाव रस्त्याला किंवा कराडच्या बाजूला शेताचा बांध जिथे रस्त्याला मिळतो, तिथे थांबून चपलेचा तळ रस्त्यावर घासून पाहा. नुसत्या ओल्या डांबरावर चप्पल अडते, त्या रांध्यावरून सरळ पुढे जाते. ज्या सायकलस्वाराने एकदा हे करून पाहिलं, त्याला पुढे फार सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. झेब्रा क्रॉसिंग, गतिरोधकावरचे पट्टे, कडेची पांढरी रेघ हे रंगाचे जाड, गुळगुळीत थर असतात. त्यावर दव पडलं की पकड डांबरापेक्षा बरीच कमी होते. कडेच्या रेघेवरून सायकल चालवायची सवय अनेकांना असते. हिवाळ्याच्या पहाटे ती सोडा आणि रेघेच्या आत, डांबरावर चाला. पुलांवरचे लोखंडी सांधेही तसेच. ते नेहमी काटकोनात ओलांडायचे, तिरके कधीही नाही.

उसाचं पाचट, वाढे, चाकाखाली चिरडलेली कांडी, घाटातल्या वळणावर सांडलेलं डिझेल, पावसाळ्यात वाहून आलेली आणि कोणी न उचललेली खडी, झऱ्याचं पाणी झिरपतं तिथलं शेवाळ. यादी मोठी आहे, पण यातलं बहुतेक सगळं वळणावर आणि सावलीतच भेटतं, हे लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं.

ओल्या वळणावर सायकल कशी घ्यायची?

वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असतानाच कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक लावणं हेच बहुतेक पडण्यांचं कारण असतं, कारण टायरकडे जेवढी पकड असते तेवढीच तो वळायला आणि थांबायला वाटून देतो. दोन्ही एकदम मागितलं की काहीच पुरत नाही.

अंदाजासाठी एक हिशोब. दहा मीटर त्रिज्येचं वळण, म्हणजे घाटातलं चांगलं आवळ वळण, ताशी २० किलोमीटरने घ्यायला सायकल साधारण १७-१८ अंश कलावी लागते. कोरड्या डांबरावर हे सहज जमतं. पकड बर्फाइतकी कमी असेल, तर तेच वळण ताशी ११ किलोमीटरच्या पुढे घेताच येत नाही, कौशल्य कितीही असो. यवतेश्वरहून उतरताना कोणी तुम्हाला मागे टाकून गेलं तर खुशाल जाऊ द्या.

पुढचा ब्रेक लावायचा की मागचा?

कोरड्या, सरळ रस्त्यावर थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकात असते. निसरड्यावर गणित बदलतं. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, आणि ब्रेक सोडला की बहुतेक वेळा सावरते. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून रस्त्यावर संशय असेल तिथे मुख्य भर मागच्या ब्रेकवर ठेवा आणि पुढचा अगदी हलका.

रिमवर घासणारे ब्रेक असतील तर आणखी एक काळजी. दवाने रिम ओली झाली की पहिले एक-दोन फेरे ब्रेक नुसता पाणी पुसतो, थांबवत नाही. उतार लागण्याआधी ब्रेक हलकेच घासून रिम कोरडी करून घ्या. ब्रेक शू झिजून गुळगुळीत झाले असतील तर हिवाळ्यापूर्वीच बदला. सायकलच्या एका चांगल्या बाटलीपेक्षा ते स्वस्त पडतात.

धुक्यात सायकल चालवावी का?

दाट धुक्यात चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कृष्णा-वेण्णेच्या काठाने आणि सांगलीकडच्या सपाट भागात नोव्हेंबरपासून पहाटे धुकं उतरतं. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर कापते. धुक्यात ३० मीटरवरचं दिसत असेल, तर चालकाच्या हातात दोन सेकंदही नाहीत. तुम्ही कितीही कडेने जात असलात तरी तुम्हाला पाहायला आणि टाळायला त्याला वेळ मिळत नाही.

ऊस गेल्यावर कुठे कुठे शेतात पाचट पेटवतात. तो धूर धुक्यात मिसळला की समोरचं काहीच दिसत नाही, आणि हे अचानक, एकाच शेतापुरतं होतं. अशा ठिकाणी रस्ता सोडून पूर्ण बाजूला उतरा. रस्त्याच्या कडेला उभं राहणंही धोक्याचं असतं.

उसाच्या ट्रॉलीला ओलांडावं का?

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर डोकावणारा ऊस, आणि मागे दिवा असेलच याची खात्री नाही. अशी गाडी चढावर सायकलइतकीच हळू चालते, त्यामुळे ओलांडायचा मोह होतो. डावीकडून कधीही जाऊ नका. खड्डा चुकवताना मागची ट्रॉली कडेकडे झुकते आणि चालकाला तुम्ही दिसत नसता. मागे चिकटून चालू नका. मोळी सुटून पडते, आणि ट्रॉली एकदम थांबली तर तुमच्यासमोर उसाच्या बुडख्यांची भिंत असते. पाच-दहा मिनिटं थांबा, चहा घ्या.

टायरगाडीचं वेगळं आहे. बैल बुजतात. मागून येताना घंटी वाजवण्यापेक्षा तोंडाने आवाज द्या, गाडीवान ‘या’ म्हणेपर्यंत थांबा आणि भरपूर अंतर राखून पुढे व्हा. ऊसतोडीची माणसं रात्री-अपरात्री गाड्या हाकत असतात. रस्त्यावर त्यांचा जीवही आपल्याइतकाच उघड्यावर असतो.

दिवे कोणते लावावेत?

मागे लाल, पुढे पांढरा, उजाडल्यावरही चालूच. चाकाच्या आऱ्यांना आणि पायडलला रिफ्लेक्टर हवेत. वर-खाली हलणारा पायडलचा रिफ्लेक्टर मागच्या चालकाला सायकल म्हणून चटकन ओळखू येतो. काळं जॅकेट पहाटे घालू नये.

सूर्य उगवल्यावर तरी रस्ता सुरक्षित होतो ना?

लगेच नाही. जानेवारीत साताऱ्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो, आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर ऊन पोचायला आणखी वेळ लागतो. उघड्यावरचं डांबर कोरडं दिसत असताना पुढच्याच वळणाआड ओल असते. कोरड्या भागात वाढवलेला वेग घेऊन माणूस त्या ओलीत शिरतो, तिथे घात होतो.

दुसरा त्रास तिरप्या उन्हाचा. सकाळी कोरेगावच्या दिशेने जाताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. तुम्ही टोपीचा पुढचा भाग खाली ओढाल, पण तुमच्या मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर दव आणि धूळ असते, आणि तिच्या चालकालाही समोर फक्त झगझगाट दिसतो. शक्य असेल तर सकाळी पश्चिमेकडे जा आणि ऊन वर आल्यावर परत फिरा. कास, ठोसेघर यासाठी सोयीचे आहेत.

टायरमधली हवा कमी करावी का?

थोडी. नेहमीपेक्षा साधारण दहा टक्के कमी हवा ठेवली की टायर रस्त्यावर जरा जास्त टेकतो. फार कमी केली तर खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. गुळगुळीत झालेला टायर मात्र हवेने सुधारत नाही, तो बदलावाच लागतो.

थंडीसाठी काय घालावं?

चढताना घाम येतो, उतरताना तोच घाम गारठवतो. दहा अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटरने उतरताना उघड्या कातडीला सहा अंशांसारखी थंडी लागते. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय हे कळत नाही, म्हणून हातमोजे आधी आणि बाकी सगळं नंतर. सुती बनियन भिजून अंगाला चिकटतं, त्यापेक्षा लवकर सुकणारं कापड बरं. माथ्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट चढवा. तेही नसेल तर वर्तमानपत्राची घडी शर्टाच्या आत छातीवर ठेवा, हा जुना उपाय आजही चालतो.

हेल्मेटच्या आत जाड माकडटोपी नको. हेल्मेट सैल बसतं आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दबतो. मफलरची टोकं आत खोचा. दम्याचा त्रास असलेल्यांनी नाक-तोंडावर पातळ रुमाल बांधावा आणि औषधाचा पंप खिशात ठेवावा.

मुलगी जर्मनीला शिकायला गेली आहे, तिथे सायकलनेच कॉलेजला जाते. तिला काय सांगू?

तिला सांगा, पांढरा बर्फ दिसतो, न दिसणारा पाडतो. रस्त्यावर पाण्याचा पातळ थर पारदर्शक गोठला की खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. तिथे याला काळा बर्फ म्हणतात. शून्याच्या आसपासचं तापमान, पूल, झाडांची सावली, आदल्या दुपारी वितळलेला बर्फ रस्त्यावरून वाहिला ती जागा, ही त्याची ठिकाणं. रस्ता ओला दिसतोय पण चाकातून पाण्याचा सरसर आवाज येत नाही आणि शिंतोडे उडत नाहीत, ही मोठी खूण.

कोरड्या रस्त्यावर ताशी २० च्या वेगाने चाललेली सायकल नीट ब्रेक लावल्यास तीन-साडेतीन मीटरांत थांबते. बर्फावर तिलाच पंधरा मीटरहून जास्त लागतात. शून्याच्या जरा खालचा बर्फ सर्वांत निसरडा, कारण त्यावर पाण्याचा सूक्ष्म थर असतो.

बर्फावर आलोय हे कळलं, तर ब्रेक नको, हँडल वळवायचं नाही, पायडल जोरात मारायचं नाही. हँडल सैल धरून सरळ रेषेत वेग आपोआप मरू द्यायचा. सीट एक-दोन बोटं खाली घेतली तर पाय पटकन टेकतात. बूट अडकवायचे पायडल हिवाळ्यापुरते काढून साधे लावावेत. आणि ज्या दिवशी पडणारा पाऊस जमिनीला टेकताच गोठतो, त्या दिवशी सायकल काढायची नाही, बस-ट्राम पकडायची. आईच्या काळजीपोटी नाही, तिथले रोज सायकल चालवणारेही तसंच करतात.

रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फ वितळवतं, पण चेन आणि गिअर गंजवतं. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यायला सांगा.

खिळ्यांचे टायर खरोखर उपयोगी असतात का?

बर्फाच्या देशात, हो. रबरात बसवलेले कठीण धातूचे छोटे खिळे बर्फात रुततात. फिनलंडमधल्या ओउलू शहरात लोक कडाक्याच्या हिवाळ्यातही सायकल चालवतात, आणि २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद तिथेच भरली. पण तिथे सायकलमार्गांवरचा बर्फ नियमित काढला जातो. टायर एकटा काही करत नाही.

साताऱ्यात मागवू नका. कोरड्या डांबरावर ते जड चालतात, आवाज करतात, आणि आपल्या मातीच्या रांध्यावर त्यांचा काही फायदा नाही.

मनाली-लेहला उन्हाळ्यात जायचंय. तिथे बर्फाचा रस्ता लागेल का?

रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती दिसतील, पण त्या धोक्याच्या नसतात. धोका रस्ता ओलांडणाऱ्या वितळपाण्याच्या नाल्यांचा. दुपारी त्यांना जोर असतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी, बारालाचा लासारख्या सुमारे ४,८९० मीटर उंचीच्या खिंडीत, रात्री त्याच पाण्याचा पातळ काचेसारखा थर होतो. म्हणजे फार पहाटे निघालात तर बर्फ आणि उशीर केलात तर पाणी. ऊन रस्त्यावर आल्यावर निघून दुपारच्या आत खिंड पार करणं बरं, आणि चकाकणारा पट्टा दिसला की उतरून चालणं.

गोठलेलं दव पाहायला साताऱ्याहून रात्री सायकलने निघालो तर?

मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. पहाटे पोचायचं म्हणजे केळघरचा घाट अंधारात, दवात आणि झोपेत चढणं. मी हे कोणालाही सुचवणार नाही. आदल्या दिवशी उजेडात जा, मुक्काम करा, पहाटे तलावावर चालत जा. परतीचा उतार ऊन चांगलं पसरल्यावर घ्या.

आमचा मुलगा पहाटे सायकलवर पेपर टाकतो. महागड्या वस्तू परवडत नाहीत. कमीत कमी काय करावं?

खरं तर या सगळ्या माहितीची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. हौशी माणूस धुकं पाहून परत झोपू शकतो. पेपर टाकणारी मुलं, दूधवाले आणि पहिल्या पाळीचे कामगार यांना ती सोय नाही. मागच्या मडगार्डवर लाल आणि पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सेलवर चालणारा मागचा लाल दिवा घ्या. ब्रेक शू नवे घाला. गठ्ठा हँडलला एका बाजूला न टांगता मागच्या कॅरिअरवर घट्ट बांधायला सांगा. एका बाजूचं ओझं ओल्या वळणावर पुढचं चाक ओढतं. त्याला पेपर देणाऱ्या एजंटशी बोला. दाट धुक्याच्या दिवशी अर्धा तास उशीर चालेल एवढं त्यांनी म्हटलं, तरी मुलाची घाई कमी होईल. आपल्या दारात पेपर उशिरा आला तर आपणही कुरकुर करू नये.

रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर?

आधी मागून येणाऱ्या गाड्यांना थांबवा, मग माणसाजवळ जा. मान दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, उलटी होत असेल तर हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, १०८ ला फोन करा. पोलिसांच्या कटकटीची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगण्याचीही सक्ती होत नाही.

घसरून पडलो, हात टेकला. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, पण मनगट अजून दुखतंय. थांबू का?

थांबू नका. घसरताना माणूस तळहात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर येतो. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर आतल्या छोट्या, नावेच्या आकाराच्या हाडाला तडा गेलेला असू शकतो. ही चीर पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही. त्या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे दुर्लक्ष केलं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं अधू होऊ शकतं. मालिश करू नका, चोळून घेऊ नका. मनगट पट्टीने स्थिर ठेवून पुन्हा हाडांच्या डॉक्टरकडे जा, खळग्यातच दुखतंय हे बोट ठेवून दाखवा आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा का, हे विचारा. तोवर सायकल भिंतीला लावून ठेवा, कारण दुखऱ्या मनगटाने ब्रेक पुरता दाबला जात नाही.